थकलेला हात आणि परवान्याचे रिव्हॉल्व्हर

मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त सुभेदार दवाखान्यात आले. वय 71, कणा ताठ, मिशी पिळदार. राहायला मळ्यात, घरी परवान्याचे 32 बोअरचे रिव्हॉल्व्हर. परवान्याच्या नूतनीकरणाच्या कागदांना वैद्यकीय दाखला जोडायचा होता. "डॉक्टर, तब्येत ठणठणीत आहे. सही तेवढी मारा," म्हणाले.

मी त्यांना सदऱ्याचे बटण उजव्या हाताने लावायला सांगितले. तीनदा प्रयत्न झाला, बटण काही काजात जाईना. मग रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळून त्यात थोडी हवा भरली आणि मुठीत दाबायला दिला. डाव्या हाताने काटा सरसर वर चढला, उजव्या हाताने निम्म्यावरच अडला. तळहात पाहिला तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट झालेला. विचारल्यावर मग सांगितले, की वर्षभर रात्री हाताला मुंग्या येतात, हात झटकला की बरे वाटते. आणि थोडे थांबून खालच्या आवाजात म्हणाले, "एकदा साफ करताना घोडा अंगठ्यातून सुटला होता. रिकामे होते म्हणून निभावले."

त्या दिवशी मी सही केली नाही. सुभेदारसाहेब रागावूनच गेले.

आपल्या भागात फौजेतून निवृत्त झालेले, मळ्यात राहणारे, पिकाच्या राखणीसाठी बंदूक बाळगणारे अनेकजण आहेत. परवाना कागदावर टिकतो, हात मात्र वयाबरोबर बदलतो. म्हणून या विषयावर चार शब्द.

हाताची शक्ती का कमी होते? वाढत्या वयात स्नायू झिजतात, हे पहिले कारण. पण प्रत्येक वेळी वयावर खापर फोडू नये. मनगटातून जाणारी मुख्य शीर तेथील अरुंद बोगद्यात दबली, की अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होते. मधुमेह आणि थायरॉईडच्या रुग्णांत हे जास्त आढळते. सुभेदारसाहेबांना हेच झाले होते. अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला तर चावी फिरवताना, बरणीचे झाकण उघडताना कळ येते. आमवातात सकाळी तासाहून अधिक वेळ बोटे आखडलेली राहतात. कंपवातात हात थरथरतो. कोपरापाशी शीर बिघडली तर करंगळी आणि अनामिका दुबळी होते. त्याबरोबर त्वचेवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी, औषधाने तो बरा होतो. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबला तर दोन्ही हातांची सफाई जाते, चालही अडखळते. आणि एक आजार असा, की वाकलेले बोट अडकून बसते आणि मग खटकन सुटते. त्याचे इंग्रजी नावच 'ट्रिगर फिंगर', म्हणजे चापाचे बोट!

आता हत्याराकडे वळू. रिव्हॉल्व्हरचा चाप थेट ओढला, तर त्याच ओढीने चक्र फिरते आणि घोडाही मागे जातो. त्याला बोटात चांगला जोर लागतो. जोर पुरत नाही म्हणून काहीजण अंगठ्याने घोडा आधी मागे ओढतात. मग चाप अगदी हलका होतो, आणि थरथरत्या किंवा बधिर बोटाला हा हलकेपणाच घातक. बार न करता घोडा परत खाली सोडायचा, तर तो अंगठ्यावरच तोलावा लागतो. पिस्तुलाची तऱ्हा वेगळी. त्याचा वरचा भाग स्प्रिंगच्या विरुद्ध मागे खेचावा लागतो, आणि मूठ सैल असेल तर बार झाल्यावर पुढची गोळी अडकू शकते. वजनाने हलके हत्यार घ्यावे, तर त्याचा धक्का हाताला अधिक बसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपली बोटे एकेकटी काम करत नाहीत. पकड सुटतेय असे वाटून माणूस मूठ आवळतो, तेव्हा तर्जनीही नकळत आवळली जाते. ती चापावर असेल तर मनात नसताना बार होतो. म्हणून नेम धरून बार करायचाच आहे, असे ठरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, आणि नळीचे तोंड कोणाकडेही नाही, हा नियम दुबळ्या हाताला दुप्पट लागू.

घरच्या घरी करायची परीक्षा सोपी आहे. सदऱ्याचे बटण लागते का? भरलेला तांब्या एका हाताने उचलून ओतता येतो का? ओला टॉवेल पिळता येतो का? डोळे मिटून बोटांत नाणे धरल्याचे कळते का? यातले एक जरी जमत नसेल, तरी हत्यार हातात घेऊ नये, डॉक्टरांना हात दाखवावा. दवाखान्यात पकड मोजण्याचे यंत्र असते. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषांनुसार पुरुषांत 28 किलोपेक्षा आणि स्त्रियांत 18 किलोपेक्षा कमी पकड म्हणजे अशक्त पकड. मात्र हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून तडक मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

उपाय कारणावर ठरतो. शीर दबली असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, साखरेवर ताबा आणि गरज पडल्यास छोटी शस्त्रक्रिया. स्नायू झिजण्याआधी आलात तर गुण चांगला येतो. वयाने आलेल्या अशक्तपणाला मऊ चेंडू दाबण्याचा रोजचा व्यायाम आणि आहारात डाळ, दूध, अंडी. सांधे सुजलेले असताना मात्र व्यायाम नको. चाप हलका करून घेण्यासाठी गावातल्या कारागिराकडे हत्यार नेऊ नये. त्याच्या दुरुस्तीलाही कायद्याने परवाना लागतो.

घरात हत्यार आणि गोळ्या वेगवेगळ्या, कुलपात ठेवाव्यात. घरातले कोणी उदास, अबोल झाले असेल, विसरभोळेपणा वाढला असेल, दारू सुटत नसेल, तर हत्यार घराबाहेर गेलेलेच बरे. असे सांगताना घरच्यांनी भीड धरू नये.

परवान्याची मुदत 2019 च्या दुरुस्तीनंतर 5 वर्षांची झाली आहे. त्यामुळे आम्हा डॉक्टरांना सही करताना आजचा हात पाहून भागत नाही, पुढच्या 5 वर्षांचाही विचार करावा लागतो. 2016 च्या शस्त्र नियमांत एक चांगली सोय आहे. परवानाधारकाचे वय 70 झाल्यावर, किंवा हत्यार 25 वर्षे बाळगल्यावर, यातले जे आधी घडेल तेव्हा, त्याने नेमलेल्या वारसाला परवाना मागता येतो. अर्थात वारसाचीही रीतसर चौकशी होते.

सुभेदारसाहेब महिन्याभराने परत आले, आणि या वेळी हात पुढे करूनच बसले. शस्त्रक्रिया झाली. मुंग्या थांबल्या, रात्रीची झोप लागू लागली. अंगठ्याचा उंचवटा मात्र पुन्हा भरला नाही. रिव्हॉल्व्हरसाठी त्यांनी आपणहून मुलाचे नाव पुढे केले आहे. "वर्षापूर्वीच हात दाखवायला हवा होता," असे ते परवा म्हणाले. ज्यांच्या हाताला रात्री मुंग्या येतात, त्यांनी, मग घरी हत्यार असो वा नसो, हे वाक्य मनावर घ्यावे.