मुंबई ते जेद्दाह : सव्वादोन तासांनी लांबणारा रोजा

रमजानमध्ये उमरा करण्याचे मोल मोठे मानले जाते, त्यामुळे या महिन्यात मुंबईहून जेद्दाहला जाणारी विमाने भरलेली असतात. हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. जायला साधारण साडेपाच तास. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ थोडा कमी. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे दुपारी तीनला निघालेला माणूस तिथल्या सहाच्या सुमारास उतरतो.

आता त्याच्या रोजाचे काय होते पाहा. मार्चमध्ये मुंबईत पावणेसातच्या आसपास सूर्य मावळतो. घरचे खजूर खाऊन, पाणी पिऊन मोकळे होतात. विमानातल्या माणसाच्या मनगटावर तीच वेळ असते, पण खिडकीबाहेर लख्ख ऊन! जेद्दाहला सूर्यास्त होईल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतील. सहरी मुंबईत आणि इफ्तार जेद्दाहला केली, तर तेरा तासांच्या आसपासचा रोजा पंधरा तासांच्या पुढे जातो. परतीच्या प्रवासात तेवढाच आखूड होतो.

घड्याळ पाहून रोजा सोडता येत नाही. आपण जिथे आहोत तिथून सूर्य मावळलेला दिसला पाहिजे. खाली जमिनीवर अंधारले तरी पस्तीस हजार फुटांवरून सूर्य आणखी काही मिनिटे दिसतो, आणि ती मिनिटेही धरावी लागतात. दुबईच्या बुर्ज खलिफाबाबत 2011 मध्ये तिथल्या उलेमांनी असेच सांगितले होते : ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे, तर दीडशेच्या वरच्यांनी तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा.

प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. मात्र ती पहाटेपूर्वी प्रवासाला निघालेल्यासाठी. घरी सहरी करून, रोजा धरून दुपारी निघालेल्याने केवळ प्रवासाच्या नावाखाली तो मध्येच सोडू नये, असे बहुतेक उलेमा सांगतात. आजाराची गोष्ट वेगळी. जिवाला त्रास होत असेल तर रोजा सोडण्याची मुभा आहेच. तरीही घरातल्या मधुमेही वडीलधाऱ्यांचे तिकीट काढताना स्वस्त दुपारच्या विमानापेक्षा रात्रीचे विमान बघावे. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

मुंबईहून हाजींची जहाजे जात तेव्हा हा प्रश्न असा अंगावर येत नसे. जुन्या जहाजांना बारा ते पंधरा दिवस लागत, म्हणून तोच सव्वादोन तासांचा फरक रोज दहा-अकरा मिनिटांनी वाटला जाई. ती वाहतूक 1995 मध्ये थांबली.

आणखी एक हिशेब आहे, तो दिवसांचा. सौदीत चंद्र बहुधा आपल्या एक दिवस आधी जाहीर होतो. इथे रमजान सुरू करून तिथे ईद करणाऱ्याचे कधी कधी अठ्ठावीसच रोजे भरतात. इस्लामी महिना एकोणतीस दिवसांपेक्षा लहान नसतो. मग हा माणूस ईद सर्वांबरोबर साजरी करतो, आणि राहिलेला एक रोजा नंतर, बहुधा घरी परतल्यावर, धरतो.