शिंगाडा खाल्ल्यानं वजन उतरतं का?

नवरात्राच्या आसपास रामटेकच्या बाजारात शिंगाडे दिसायला लागतात आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेपर्यंत त्यांची चलती असते. टोपल्यांत दोन ढीग: एक ओल्या, हिरव्या-तांबूस शिंगाड्यांचा, दुसरा उकडून काळ्या पडलेल्यांचा. घेणाऱ्यांत अलीकडे एक नवं गिऱ्हाईक दिसतं. ते भाव विचारायच्या आधी विचारतं, "यानं वजन कमी होतं म्हणे?" विकणारी बाई हो म्हणते. तिनं नाही तरी का म्हणावं?

प्रश्न मात्र झकास आहे. त्याच्या उत्तरासाठी आहाराच्या पुस्तकात शिरण्याआधी तळ्यात उतरावं लागतं, कारण शिंगाडा हे फळ कोणासाठी बनलंय हे कळल्याशिवाय ते आपल्या पोटात गेल्यावर काय करेल हे कळत नाही.

नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवरचा हा मुलूख तळ्यांचा आहे. गडाच्या पायथ्याशी अंबाळा, पलीकडे खिंडसीचा मोठा जलाशय, आणि तालुक्यात ठिकठिकाणी मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी. सरकारी कागदावरचं हे लांबलचक नाव लोकांनी केव्हाच नात्यात बसवून टाकलं. असे उथळ, गाळाचे, संथ पाण्याचे तलाव शिंगाड्याला मानवतात. पूर्व विदर्भात हे पीक प्रामुख्यानं ढीवर समाजाच्या हातात राहिलं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर ग्रंथ काढला, त्यात ढीमरांची, म्हणजे ढीवरांचीच, एक पोटशाखा शिंगाडा लावणारी म्हणून वेगळी नोंदलेली आहे. पाऊस लागला की रोपं पाण्यात लावायची आणि पाऊस सरला की छोट्या डोंग्यातून किंवा कमरेइतक्या पाण्यात उतरून वेल उलटा करकरून फळं तोडायची. फळ पाण्याखाली, पानांच्या पोटाशी असतं. काटे हाताला लागतात, पाय गाळात रुततात. ही शेती करणाऱ्याला वजन कमी करायला फळ खावं लागत नाही.

आता वेलाकडे बघा. पाण्यावर पानांचं एक गोल चक्र पसरलेलं असतं, एकाची सावली दुसऱ्यावर कमीत कमी पडेल अशा बेतानं मांडलेलं. प्रत्येक पानाचा देठ मध्येच फुगीर. तो कापला तर आत स्पंजासारखी जाळी आणि जाळीत हवा. त्या हवेवर सगळा पसारा तरंगतो. फूल पांढरं, चार पाकळ्यांचं, पाण्याच्या वर उमलणारं. ते फळलं की देठ वाकतो आणि होणारं फळ पाण्याखाली नेतो. फुलाला बाहेरून चार निदलं असतात. त्यातल्या दोहोंचे पुढे कडक, टोकदार काटे होतात. शिंगाड्याची शिंगं ती हीच.

कोणी तोडलं नाही तर पिकलेलं फळ सुटून तळाला जातं आणि चिखलात रुतून बसतं. यथावकाश ते तिथंच कोंब धरतं, आणि त्या कोंबाला काळोख्या गाळातून निघून, वरचं सगळं पाणी चढून, उजेडात पोचायचं असतं. वर पोचेपर्यंत उन्हाची कमाई जवळपास शून्य. मग एवढी चढण कशाच्या बळावर चढायची? आईनं बांधून दिलेल्या शिदोरीवर. आपण सोलून खातो तो पांढराशुभ्र गर म्हणजे ती शिदोरी. बीला दोन दलं असतात, पण शिंगाड्यानं ती सारखी वाटलेली नाहीत. एक दल इवलंसं, जेमतेम दिसणारं, आणि दुसरं पिठूळ साठ्यानं भरून फळाची सारी पोकळी व्यापणारं. असा साठा गाळात फार काळ टिकतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्यात १८८४ साली याचा भाऊबंद सोडला गेला. तिथं तो इतका माजला की आज अनेक तलावांतून यंत्रं लावून उपसावा लागतो, आणि गाळात पडलेलं बी बारा-बारा वर्षांनीही उगवू शकतं असं तिथले लोक हैराण होऊन सांगतात.

वनस्पतिशास्त्रज्ञ शिंगाड्याला डाळिंब आणि मेंदी यांच्या कुळात बसवतात. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर खरं वाटलं नव्हतं. पण डाळिंबात आपण दाण्यावरचा रसाळ भाग खातो, आणि तो खाणाऱ्याला लालूच म्हणूनच बनलेला असतो. संत्र्याचंही तेच. शिंगाड्यात अशी लालूच कुठंच नाही. उलट काटे आहेत. आपण फळ म्हणून खातो ते खरं तर बी. वाटाणा, हरभरा, ज्वारी यांच्या पंगतीतलं.

हे ध्यानात आलं की आकड्यांचं नवल वाटत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम ओल्या शिंगाड्याच्या गरात सुमारे ७० ग्रॅम पाणी आणि ११५ कॅलरी. तोच गर वाळवला की १०० ग्रॅममध्ये ३३० कॅलरी. गव्हाच्या पिठात ३४१, साबुदाण्यात ३५१. म्हणजे उपासाचं म्हणून घेतलेलं शिंगाड्याचं पीठ कॅलरींच्या हिशेबात पोळीच्या पिठाला येऊन भिडतं. साबुदाण्यापुढे त्याची बाजू एका बाबतीत फार भक्कम आहे: वाळल्या शिंगाड्यात १०० ग्रॅमला १३ ग्रॅमच्या वर प्रथिनं, साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही. पण चरबी वितळवणारं त्यात काही नाही. असायचं कारणही नाही. रोपाला वाढायचं असतं, बारीक व्हायचं नसतं.

मोबाईलवर फिरणाऱ्या आहारपत्रिकांत बरेचदा शिंगाड्याच्या नावापुढे ९७ कॅलरी लिहिलेल्या दिसतात. तो आकडा अमेरिकी कोष्टकातला, आणि दुसऱ्याच वनस्पतीचा. चायनीज हॉटेलात भाजीत कुरकुरीत पांढऱ्या चकत्या येतात ना, तो लव्हाळ्याच्या जातीतल्या एका गवताचा कंद. इंग्रजीत दोघांनाही वॉटर चेस्टनट म्हणतात, म्हणून त्या कंदाची कुंडली शिंगाड्याला चिकटली.

मग कुठलंच फळ चरबी जाळत नाही का? या शर्यतीत सगळ्यात पुढे गेलेलं फळ आपल्या कोकमाचं नातलग आहे. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. तिच्यातलं आणि कोकमातलंही एक आम्ल लुईस आणि नीलकंठन या शास्त्रज्ञांनी १९६५ साली नीट ओळखून दाखवलं. पेशी साखरेपासून चरबी बनवतात त्या कामात हे आम्ल अडथळा आणतं, असं पुढे प्रयोगशाळेत दिसलं आणि गोळ्यांचा बाजार भरला. १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल माणसांवर बारा आठवडे चाचणी झाली. गोळी घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलो! दोन्ही गटांना आहार आखून दिला होता. उतरलं ते त्यानं. परीक्षानळीत घडतं ते पोटात घडेलच असं नाही.

तरीही बाजारातल्या त्या बाईचं 'हो' मी सरसकट खोडणार नाही. कारण वजनाचा दुसरा अर्धा हिशेब भुकेचा आहे. सिडनीच्या विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाढा लोकांना दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारत राहिले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. क्रोसाँ नावाचा लोण्याचा पाव ४७ वर घसरला, संत्र्याला २०२ मिळाले (नागपूरकरांनी कॉलर ताठ करावी), आणि सगळ्यांच्या वर ३२३ गुण घेऊन कोण बसलं? उकडलेला बटाटा. ज्याला डाएटवाले सगळ्यात आधी ताटाबाहेर काढतात तो. शिंगाडा त्या ३८ मध्ये नव्हता. पण पाणी आणि स्टार्च यांनी भरलेला, तेलातुपाशिवाय उकडलेला, म्हणजे बटाट्याच्याच चालीचा; तेव्हा त्याचाही नंबर बरा लागला असता असा माझा अंदाज.

आणि बटाट्याकडे नाही असं एक हत्यार शिंगाड्याकडे आहे: त्याची साल. उकडलेला शिंगाडा घ्या. आधी काटे सांभाळून बोटांत धरायचा, दातानं किंवा सुरीनं बुडखा उडवायचा, चिवट काळं कवच फाकवायचं, मग आतून बदामी रंगाचा गर निघतो. तो तोंडात टाकून पुढच्याला हात घालेपर्यंत पहिला चावून झालेला असतो. बोटं काळी होतात, पुढ्यात सालींचा ढीग साचतो. अमेरिकेत जेम्स पेंटर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली पिस्त्यांवर एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. सोललेले पिस्ते मिळालेल्या विद्यार्थ्यांनी सरासरी २११ कॅलरी खाल्ल्या, कवचासकट मिळालेल्यांनी १२५. आणि समाधान? दोन्हीकडे सारखंच. सोलण्याचा वेळ आणि डोळ्यांसमोरची टरफलं, या दोहोंनी हात आवरला असावा असं त्यांचं म्हणणं.

आता हाच शिंगाडा गिरणीत घाला. सगळी मेहनत गिरणीवाल्यानं केली, पाणी उन्हानं नेलं. ओला गर सुमारे २९० ग्रॅम सोलावा तेव्हा १०० ग्रॅम पीठ पडतं. त्यात ५० ग्रॅम तूप घालून खमंग भाजा, ८० ग्रॅम साखर घाला, लाडू वळा. हिशेब: पिठाच्या ३३०, तुपाच्या ४५०, साखरेच्या ३२०, एकूण ११००. तेवढ्याच कॅलरी ओल्या शिंगाड्यातून पोटात घालायच्या तर साडेनऊशे ग्रॅम गर सोलून संपवावा लागेल. बसल्या बैठकीला ते कोणाच्यानं होणार नाही. लाडू मात्र चहा होईपर्यंत दोन जातात. 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आपल्या पूर्वजांनी कॅलरीचा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

शिंगाड्यातही कोवळा आणि जून असा फरक आहे. हंगामाच्या सुरुवातीचा गर पाणीदार आणि गोडसर, नंतरचा पिठाळ. कमी कॅलरींच्या मागे असाल तर कोवळा घ्या. पण कच्चा दातानं सोलण्याची सवय सोडा. तळ्यातल्या वनस्पतींच्या सालीवर एका चपट्या जंताच्या सूक्ष्म गाठी चिकटलेल्या असू शकतात. हा जंत डुकराच्या आणि माणसाच्या आतड्यात वाढतो, बोटाएवढा लांब होतो, आणि महाराष्ट्रासह देशाच्या काही भागांत सापडलेला आहे. जास्त संख्येनं झाला तर पोटदुखी, जुलाब, अशक्तपणा. वजन त्यानंही उतरेल म्हणा! उकडल्यावर तो मरतो. म्हणून दुसऱ्या ढिगातले काळे शिंगाडे घेणं शहाणपणाचं.

राहता राहिला सालीचा प्रश्न. पिस्त्यांवर झालेला प्रयोग शिंगाड्यावर करायला खर्च फारसा नाही. त्रिपुरी पौर्णिमेला गडावरून उतरणाऱ्या भाविकांसाठी दोन टेबलं मांडायची, एकावर उकडून सोललेले, दुसऱ्यावर सालीसकट, आणि शेवटी दोन्हीकडचा गर तोलायचा. सोललेल्या टेबलावरची परात आधी रिकामी होईल, यावर पैज लावायला मी तयार आहे.