आधी जमीन, मग तंबू

आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या एखाद्या सफारी कॅम्पचं माहितीपत्रक उघडा. पहिल्या पानावर पांढरी मच्छरदाणी सोडलेला पलंग, दुसऱ्यावर लाकडी डेकवर मांडलेला टब, तिसऱ्यावर मावळतीच्या उजेडात चमकणारा पेला. हत्ती असलाच तर टबाच्या मागे कुठेतरी धूसर. ज्या जनावरांसाठी माणूस पुण्या-मुंबईहून लाखो रुपये मोजून निघतो, ती या चित्रांत तोंडी लावण्यापुरती असतात. साहजिकच निवडही पलंग बघून होते, किंवा फार तर ‘पाच तारे की चार’ एवढ्या हिशेबाने. हा हिशेब चुकीच्या टोकापासून सुरू होतो, असं माझं म्हणणं आहे. सफारी कॅम्प घेताना आपण खोलीपेक्षा जमिनीच्या एका तुकड्यावर, तिथल्या नियमांनुसार फिरण्याची मुभा विकत घेत असतो. त्या तुकड्यावर पाणी कोणत्या महिन्यात असतं, गाडीला रस्ता सोडता येतो का, अंधार पडल्यावर बाहेर राहता येतं का आणि ती जमीन किती गाड्यांत वाटली गेली आहे, यावर काय दिसणार ते बरंचसं ठरतं. हे एकदा समजून घेतलं की टबाचा विचार खुशाल करावा.

नियमांपासून सुरुवात करू, कारण ताडोब्याला जाणाऱ्या मराठी पर्यटकाला त्यांची सवय आहे. कोअर वेगळं, बफर वेगळं, गेटची वेळ ठरलेली, जिप्सीने रस्ता सोडायचा नाही, हे त्याला सांगावं लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातही साधारण हीच शिस्त आहे. फरक आकाराचा: कोअर आणि बफर धरून ताडोबा १,७२७ चौरस किलोमीटर, तर क्रूगर जवळजवळ २० हजार. दुसरा फरक असा की क्रूगरमध्ये स्वतःची किंवा भाड्याची गाडी घेऊन फिरता येतं आणि उद्यानाच्या आतच सरकारी विश्रामतळांवर मुक्काम करता येतो. पण सूर्यास्ताला तळाचं फाटक बंद होतं, डांबरी रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटरची मर्यादा असते आणि बिबट्या रस्त्यापासून तीस मीटरवर झुडपात बसला असेल तर तो तिथेच बसून राहतो, तुम्ही रस्त्यावर. क्रूगरच्या पश्चिम कडेला लागून साबी सँड हा खासगी मालकांच्या जमिनी एकत्र करून बनलेला राखीव पट्टा आहे. दोहोंमधलं कुंपण १९९३ मध्ये काढण्यात आलं, त्यामुळे जनावरं तीच. बदलतात ते नियम. इथे उघड्या जीपच्या बॉनेटवर बसवलेल्या लहानशा खुर्चीत ट्रॅकर असतो. तो हात वर करतो, गाडी थांबते, तो उतरून मातीत बघतो. ठशाची कड अजून धारदार आहे की वाऱ्याने ढासळली, त्यावर रात्री कुणा किड्याची रेघ उमटली आहे का, यावरून बिबट्या पहाटेचा की आदल्या संध्याकाळचा हे ठरतं. मग गाडी रस्ता सोडून झुडपांत शिरते. एका जनावरापाशी साधारण दोन-तीनच गाड्या, बाकीच्या रेडिओवर आपल्या पाळीची वाट बघत दूर. दोन्ही ठिकाणची गवताची पाती एकच असली तरी बिबट्या दिसण्याची शक्यता सारखी नाही, आणि हा फरक कॅम्पच्या आलिशानपणातून आलेला नाही.

बोत्स्वानातही हेच. मोरेमी अभयारण्यात आणि चोबे राष्ट्रीय उद्यानात रस्ता सोडायला बंदी आणि रात्रीची फेरीही नाही. त्यांच्या भोवतीच्या, कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडांवर दोन्ही चालतं. झांबियाच्या साउथ लुआंग्वा उद्यानात मात्र राष्ट्रीय उद्यान असूनही प्रखर दिवा घेऊन रात्री फिरता येतं. नॉर्मन कार यांनी रुजवलेली पायी सफारीची परंपराही तिथलीच. म्हणजे ‘सरकारी वाईट, खासगी चांगलं’ असं सोपं सूत्र करण्यात अर्थ नाही. प्रत्येक तुकड्याचा कायदा वेगळा वाचावा लागतो.

नियमांहून मोठी गोष्ट पाणी. इथे माहितीपत्रकं सर्वांत जास्त दिशाभूल करतात, तीही खोटं न बोलता. ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्या यादीतलं ते हजारावं स्थळ. ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही, कालाहारीच्या वाळूत पसरून जिरते. अंगोलाच्या डोंगराळ भागात डिसेंबर ते फेब्रुवारीत पडलेला पाऊस जवळजवळ सपाट जमिनीवरून, लव्हाळ्यांतून गाळला जात, महिनोन्‌महिने सरकत खाली येतो. त्यामुळे बोत्स्वानात पावसाचा थेंब नसतो तेव्हा, जून ते ऑगस्टमध्ये, इथे पूर सर्वांत जास्त असतो. आता कॅम्प निवडणाऱ्याने यातून काय घ्यायचं? जुलै हा उत्तम महिना असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण जुलैत त्रिभुज प्रदेशातले काही कॅम्प चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले असतात. तिथे फिरणं होडीने किंवा मोकोरोने, म्हणजे काठीने रेटत नेण्याच्या अरुंद नावेने. खंड्या दिसतो, कमळांच्या पानांवरून चालणारा पाणपक्षी दिसतो, नशीब असेल तर दलदलीतला सिटाटुंगा हरिण दिसतो. सिंह बघायला आलेला पाहुणा तिसऱ्या दिवशी हिरमुसतो आणि परतल्यावर ‘ओकावांगोत काही नाही’ असा निकाल देतो. त्याच जुलैत दहा मिनिटांच्या विमानप्रवासावर, कोरड्या जमिनीवरच्या कॅम्पजवळ रानकुत्र्यांची बिळं असू शकतात, कारण त्यांची पिल्लं हिवाळ्यातच होतात आणि कळप एरवी भटकत असला तरी त्या आठवड्यांत बिळाशी बांधलेला असतो. दोन्ही कॅम्प ओकावांगोचे, दोन्ही महाग, दोन्ही चांगले. ‘पाण्याचा की जमिनीचा’ हा एकच प्रश्न विचारला असता तर काम झालं असतं.

झिम्बाब्वेच्या ह्वांगे उद्यानाची गोष्ट उलटी. सुमारे साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या या जंगलात बारमाही नदी नाही. १९२८ पासून तिथले पहिले वॉर्डन असलेले टेड डेव्हिसन यांनी विंधनविहिरी खोदून पाणवठ्यांत पाणी सोडण्याची पद्धत सुरू केली, आणि ह्वांगेचे हत्ती आजही बऱ्याच अंशी त्या पंपांवर जगतात. ऑक्टोबरमध्ये पाणवठ्यावर हत्तींची रांग संपत नाही. डिसेंबरात पाऊस झाला की जंगलभर डबकी साचतात आणि तोच पाणवठा ओस पडतो. बोत्स्वानातल्या सावुतीचा प्रवाह तर १९८० च्या दशकात आटला, २०१० च्या सुमारास पुन्हा वाहिला आणि परत सुकला. म्हणजे पाचेक वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राची शिफारससुद्धा तारीख बघूनच घ्यावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: जंगल हे जंगल, दिसणं-न दिसणं नशिबाचा भाग, एवढा काथ्याकूट कशाला? नशिबाचा भाग आहेच. पण नशिबालाही किती संधी मिळतात हे आपण ठरवतो. एका रात्रीच्या मुक्कामात साधारणपणे दोन फेऱ्या होतात, तीन रात्रींत सहा. ग्रुप टूरच्या कार्यक्रमात ‘आफ्रिकन सफारीचा थरार’ म्हणून एक रात्र आणि दीड फेरी असते, तीही दुपारी उशिरा पोचून. अशा सहलीत काही दिसलं नाही तर दोष नशिबाचा नाही. कोरड्या ऋतूत गवत बसलेलं असतं, पानं झडलेली असतात, पाणी मोजक्या ठिकाणी असतं. या तिन्ही गोष्टी नशिबाच्या बाजूने काम करतात. मात्र हा नियमही सगळीकडे लावू नये. मध्य कालाहारीत पाऊस पडल्यावरच खोऱ्यांत कोवळं गवत उगवतं आणि ओरिक्स, स्प्रिंगबॉक गोळा होतात. जुलैत तिथे जाणारा थंडी आणि धूळ घेऊन परततो. क्रूगरमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात इम्पालांची पिल्लं होतात, स्थलांतरित पक्षी आलेले असतात. पक्षी बघणाऱ्याने तर पावसाळ्याला नावं ठेवूच नयेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही सगळी श्रीमंतांची चर्चा, साबी सँडमधली एक रात्र कित्येकांच्या महिन्याच्या पगाराएवढी. खरं आहे. पण म्हणूनच जमीन वाचता येणं कमी पैसेवाल्याच्या जास्त उपयोगाचं. क्रूगरच्या सरकारी तळांवर साध्या झोपड्या आहेत, बाहेर चूल आहे, दुकानात सामान मिळतं, आणि पैसा नव्हे तर भूगर्भ कामाला येतो. उद्यानाचा पश्चिम भाग ग्रॅनाइटचा, पूर्वेचा बेसॉल्टचा. बेसॉल्टवर सकस गवत उगवतं, त्यावर झेब्रे आणि रानम्हशी, त्यांच्यामागे सिंह. म्हणून मध्यावरचा साताराचा तळ सिंह आणि चित्त्यांसाठी ओळखला जातो, आणि दक्षिणेला नदीकाठचा लोअर साबी जवळजवळ सगळ्यासाठी. ऑलिफंट्स नदीच्या उत्तरेला मोपाने झाडांचं राज्य सुरू होतं. तिथे हत्ती भरपूर, शिकारी प्राणी विरळ. नवख्याने चार रात्री सातारा आणि लोअर साबीत काढाव्या, सगळं उद्यान पालथं घालण्याच्या नादी लागू नये. नामिबियातलं एटोशा तर कमी खर्चात जास्त देणारं ठिकाण. बावीस हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या या उद्यानाच्या मधोमध पांढरंशुभ्र खारट मैदान आहे आणि त्याच्या दक्षिण कडेने पाणवठे. ओकाउकुएजो तळाच्या कुंपणालगतच्या पाणवठ्यावर रात्रभर पिवळसर दिवे असतात. बुटक्या दगडी भिंतीमागच्या बाकांवर लोक शाल लपेटून बसतात, कुणी बोललं तर शेजारचा डोळे वटारतो. काळा गेंडा येतो, पाण्यात स्वतःचंच प्रतिबिंब हुंगतो, जिराफ पाय फाकवण्याआधी पाच मिनिटं खात्री करत उभा राहतो. त्यासाठी गाइड, जीप, वेगळं तिकीट काहीच लागत नाही. महागड्या कॅम्पातही काळा गेंडा इतक्या निवांतपणे सहसा बघायला मिळत नाही.

तिसरा आक्षेप नीतीचा. रस्ता सोडून झुडपं चिरडत बिबट्याच्या पाठीमागे जाणं, त्याला गाड्यांची इतकी सवय लावणं की तो टायरच्या सावलीत झोपतो, ही कसली वन्यजीवांची आवड? हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. ओल्या मातीवर चाकोऱ्या वर्षानुवर्षं राहतात. चांगले राखीव पट्टे पावसानंतर आणि नाजूक जमिनीवर गाडी रस्त्याखाली उतरू देत नाहीत, हे कॅम्पला विचारून घ्यावं. पण गाड्यांची संख्या बांधलेली असणं ही जनावराच्या दृष्टीने मोठी सवलत आहे. क्रूगरच्या डांबरी रस्त्यावर एका सिंहिणीभोवती तीस गाड्या अडकतात, त्या सगळ्या नियमात बसूनच. ज्यावर वाद घालायची गरज नाही अशी एक गोष्ट मात्र आहे: सिंहाच्या पिल्लाला हात लावू देणारा, त्याच्याबरोबर फोटो काढू देणारा कोणताही तळ यादीतून काढून टाकावा. ती पिल्लं पिंजऱ्यातल्या पैदाशीची असतात. हा धंदा बंद करण्याचं दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलं.

जमीन कोणाची, हा प्रश्न नीतीचाही आहे आणि सहलीचाही. क्रूगरच्या उत्तर टोकाला लिंपोपो आणि लुवुवू या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातून १९६९ मध्ये माकुलेके समाजाला बळजबरीने हलवलं गेलं. १९९८ मध्ये जमीन त्यांना परत मिळाली. त्यांनी ती उद्यानातच ठेवली आणि कॅम्प चालवणाऱ्यांना भाड्याने दिली. तिथे सिंह कमी दिसतात, पण हिरवट पिवळ्या खोडांची फीव्हर ट्रीची राई आणि पक्षी यांना तोड नाही, आणि भाडं गावाला जातं. नामिबियाने १९९६ च्या कायद्याने गावांच्या सामूहिक संस्थांना वन्यजीवांपासून उत्पन्न मिळवण्याचा हक्क दिला. आज अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रं आहेत. डामारालँडच्या दगडी वाळवंटात, राष्ट्रीय उद्यानाबाहेर, काळा गेंडा मोकळा फिरतो तो या व्यवस्थेमुळेही. एका गेंड्यासाठी दिवसभर चालावं लागलं तरी तो दिवस फुकट गेला असं म्हणणारा माणूस एटोशालाच गेलेला बरा.

आता आपल्या सुट्ट्यांचं गणित. मराठी कुटुंबाला जायला मिळतं ते मे महिन्यात किंवा दिवाळीत. मे म्हणजे नुकताच संपलेला पावसाळा: गवत उंच, डबक्यांत पाणी, हवा सुखद, ओकावांगोचा पूर पोचत असलेला. दिवाळी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, हा कोरड्या ऋतूचा शेवट. लुआंग्वाच्या आणि ह्वांगेच्या बाजूला पारा चाळिशीला भिडतो, तंबूत दुपार काढणं ही शिक्षा असते, पण पाण्याभोवती जनावरांची गर्दी वर्षातली सर्वांत मोठी, आणि लुआंग्वाच्या काठच्या मातीत किरमिजी वेड्या राघूंच्या वसाहती गजबजलेल्या. मात्र आतले छोटे कॅम्प पाऊस सुरू होताच गुंडाळले जातात, म्हणून दिवाळी नोव्हेंबरात असेल तेव्हा तारखा आधीच विचाराव्या. मुलं बरोबर असतील तर चित्र आणखी बदलतं. अनेक खासगी कॅम्प लहान मुलांना जीपमध्ये घेत नाहीत, काही तर बारा वर्षांखालच्यांना मुक्कामालाही नाही. शिवाय क्रूगर, ओकावांगो, ह्वांगे, लुआंग्वा हे सगळे मलेरियाचे प्रदेश. अशा घरासाठी दक्षिण आफ्रिकेतलं, बोत्स्वानाच्या सीमेजवळचं माडिक्वे राखीव क्षेत्र मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. १९९१ मध्ये ओसाड पडलेल्या गुरांच्या रानांवर ते उभं केलं, आठ हजारांहून अधिक जनावरं बाहेरून आणून सोडली, मलेरिया नाही, गाडीला रस्ता सोडता येतो, आणि मुलांना सामावून घेणारे कॅम्प तिथे आहेत. ‘आणून सोडलेली जनावरं’ या शब्दांनी नाक मुरडणाऱ्यांनी तिथले रानकुत्रे शिकार करताना बघावे. तीन रात्री तिथे, मग मुलांच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन क्रूगरच्या लोअर साबीत चार, आणि पैसे उरलेच तर शेवटच्या दोन साबी सँडला.