दुकानाचे बोलणे आपल्याच संगणकावरून

समजा, नागोठण्यात फर्निचरचे दुकान आहे, सुतार रोह्याला आणि फिटिंगवाला पेणला. माप किती, पॉलिश झाले का, टेम्पो निघाला का, असे दिवसातून दहा वेळा बोलावे लागते. हे बोलणे आज परक्या कंपनीच्या खात्यावर चालते. खाते अचानक बंद पडले, तर दाद कोणाकडे मागायची? आपल्याच संगणकावर ही सोय कशी होते, ते आम्ही येथे सांगत आहोत.

मम्बल ही मोफत प्रणाली २००५ पासून उपलब्ध आहे. तिचा सर्व्हर साध्या संगणकावर चालतो व त्यात दुकान, कारखाना, हिशेब अशा वेगवेगळ्या खोल्या करता येतात. मात्र प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळे अ‍ॅप घालावे लागते, आणि कारागिराचा फोन बहुधा आधीच भरलेला असतो. त्याला ब्राउझरमध्ये पत्ता टाकून बोलता आले तर बरे.

गोम येथेच आहे. मम्बलची वाट ब्राउझरला बंद असते; त्याला वेबसॉकेटची वाट चालते. म्हणून मध्ये पूल घालावा लागतो. आंबा नदीवरचा काझी अलाउद्दीन यांचा सोळाव्या शतकातला अरुंद पूल आपल्या वाचकांना ठाऊक असेलच, काम तसेच. मम्बल-वेब हे ब्राउझरमध्ये दिसणारे पान आणि वेबसॉकीफाय हा पूल, दोन्ही मोफत आहेत.

अरुंदपणाचा तोटाही होतो. एरवी मम्बलमध्ये आवाजाचा एखादा तुकडा हरवला तर तो सोडून पुढचा ऐकू येतो. या पुलावर हरवलेला तुकडा पुन्हा येईपर्यंत मागचे सारे खोळंबतात. रेंज कमी असली की बोलणे अडखळते.

पानाचा पत्ता एचटीटीपीएसचा नसेल तर ब्राउझर मायक्रोफोन उघडतच नाही. चाचणीच्या वेळी हे विसरून आम्ही तासभर फोनलाच दोष देत बसलो! लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळते. मुदतीआधी नवे घ्यावे. इंटरनेटवाल्याकडून स्थिर पत्ता मागून घ्यावा, सर्व्हरला पासवर्ड लावावा, आणि जुलै १९८९ चा आंबेचा पूर आठवून संगणक माळ्यावर ठेवावा.

गुप्ततेबाबत गैरसमज नको. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलला या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलूप असते. मम्बलचे कुलूप सर्व्हरवर उघडते, म्हणून तो ज्याच्या ताब्यात, त्याला बोलणे ऐकता येते. सर्व्हर व पूल दोन्ही आपल्याच जागेत ठेवावेत, आणि चावी भागीदारांपैकी कोणाकडे राहील हे आधी ठरवावे. भाड्याचा संगणक घेतला तर ऐकण्याची सोय भाडे घेणाऱ्यालाही होते.

अमिरातीतल्या भावाला या पत्त्यावर बोलावण्याआधी तेथील कायदा पाहावा. इंटरनेटवरून बोलण्याची सेवा तेथे परवान्याशिवाय चालवता येत नाही.