वायद्यांची रोजकीर्द

संध्याकाळी गल्ल्यातील रोकड मोजावी, ती रोजकिर्दीतील शिल्लकेशी ताडून पाहावी आणि मेळ बसल्याखेरीज वही मिटू नये, हा दंडक व्यापारी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे. शंभर रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत कोणाला चैन पडत नाही. पैशाबाबत इतकी काटेकोर असणारी हीच मंडळी दिलेल्या शब्दांचा हिशेब मात्र क्वचितच लिहून ठेवतात. ‘सोमवारी पैसे पाठवतो’, ‘महिनाअखेर नमुना दाखवतो’, ‘वकिलांना विचारून कळवतो’ असे कितीतरी वायदे दिवसभरात होतात आणि ते सारे मालकाच्या डोक्यात जमा होतात. त्या खात्याचा मेळ कोणी घेत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातील एका बाजारपेठेतील भुसार मालाच्या पेढीची हकिगत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. नावगाव सांगण्याचे कारण नाही. थोड्याफार फरकाने ती अनेक पेढ्यांची आहे.

या पेढीचे कर्ते बहात्तर वर्षांचे अण्णा. थोरले चिरंजीव खरेदी व वसुली पाहतात, धाकटे दुकान सांभाळतात, तर धाकट्या सूनबाई हिशेब ठेवतात. कोणत्या गावच्या दुकानदाराकडे किती बाकी आहे, कोणाला कधीचा वायदा दिला आहे, हे मुनीमजींनी वही उघडण्यापूर्वी अण्णा सांगत. त्यांची स्मरणशक्ती हे पेढीचे ताळेबंदात न दिसणारे भांडवल होते. परंतु त्या भांडवलाची दुसरी प्रत नव्हती आणि त्यावर कोणाचे नामनिर्देशनही नव्हते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. रुग्णालयात ते डाव्या हाताच्या बोटाने पांघरुणावर काहीतरी गिरवत. घरच्यांना वाटे, पाणी हवे आहे. तिसऱ्या आठवड्यात गादीशेजारचा खण उघडला तेव्हा आत तीन लाखांचा एक न वटलेला धनादेश आणि त्यासोबतची बँकेची परतचिठ्ठी सापडली. देणेकऱ्याने थोडी मुदत मागितली होती, अण्णांनी ती तोंडी दिली होती आणि मनात तारीख धरून ठेवली होती. ते गिरवत होते ते आकडे होते.

परतचिठ्ठी हाती आल्याला एकेचाळीस दिवस झाले होते. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत देणेकऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते; नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवसांची संधी असते आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करायची असते. नोटिशीची मुदत टळली तरी धनादेश वैध असेपर्यंत तो पुन्हा भरता येतो. परंतु १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची वैधता तीनच महिन्यांची आहे आणि तीही उलटून गेली होती. कलम १३८ चा मार्ग बंद झाला; दिवाणी दाव्याचा तेवढा उरला. पुढे पैसे हप्त्याहप्त्याने येऊ लागले, पण हातातील धाक गेला तो गेलाच.

मनावरील ओझे

मनुष्याचे मन अपुऱ्या कामांना धरून बसते, याकडे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये लक्ष वेधले. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मध्येच थांबवलेली कामे अधिक लक्षात राहतात, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक आढळला नाही. मात्र २०११ मध्ये मासिकॅम्पो व बॉमाइस्टर या अमेरिकन संशोधकांनी त्यात एक उपयुक्त भर घातली. अपुरे काम मनात असलेल्यांचे लक्ष वाचताना पुन्हा पुन्हा विचलित होई. परंतु ते काम कधी व कसे करायचे याची नेमकी योजना आखताच, काम झालेले नसतानाही, हा त्रास नाहीसा झाला.

कामांच्या याद्या ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे मर्म इथेच आहे. अमेरिकेतील डेव्हिड ॲलन यांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकाने या विचाराला शिस्तीचे रूप दिले. मनातील प्रत्येक काम बाहेर काढून एका विश्वासाच्या ठिकाणी नोंदवावे, त्यातील पुढची प्रत्यक्ष कृती ठरवावी आणि आठवड्यातून एकदा सर्व नोंदींवर नजर फिरवावी, हे त्याचे सार. वहीने हे काम होत नाही असे नाही. पण दर महिन्याला आपोआप उगवणारी तारीख, ठरल्या वेळी वाजणारी आठवण आणि चौघांच्या चार मोबाईलवर दिसणारी एकच यादी, या तीन गोष्टी वही देऊ शकत नाही.

मांडणी

अण्णा घरी आल्यावर सूनबाईंनी ‘मायक्रोसॉफ्ट टू डू’ हे विनामूल्य ॲप निवडले. घरात कोणी नवे शिकण्यास उत्सुक नव्हते, म्हणून त्यांनी पाचच याद्या केल्या: कर व विवरणपत्रे, येणे, देणे, घर आणि सवडीने.

पहिल्या यादीत दरमहा परतणाऱ्या नोंदी गेल्या. करकपातीच्या भरण्याची ७ तारीख, मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची ११ आणि जीएसटीआर-३बी ची २०. तसेच आगाऊ प्राप्तिकराच्या जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्चच्या १५ तारखा. ‘देणे’ या यादीत डाळमिलची बिले आली. सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. अन्यथा व्याजाचा भार येतो आणि वर्षअखेरीस रक्कम बाकी असेल तर त्या वर्षीच्या प्राप्तिकरात खर्चाची वजावटही अडकते. ‘येणे’ या यादीत परत आलेल्या धनादेशासाठी आता एकाच वेळी तीन नोंदी होतात: नोटीस, प्रतीक्षा आणि तक्रार. ‘घर’ मध्ये अण्णांची औषधे, शाळेचे शुल्क, विम्याचे हप्ते आणि ठेवींच्या मुदती.

नोंद कशी लिहावी यालाही नियम ठरला. ‘डाळमिल’ एवढेच लिहिले तर तो विषय झाला, काम नव्हे. ‘डाळमिलच्या बिलाचे पैसे आरटीजीएसने पाठवणे, थोरले, १४ तारीख’ असे लिहिले म्हणजे कृती, माणूस आणि दिवस तिन्ही ठरतात. ज्या नोंदीत माणसाचे नाव नाही ते काम कोणाचेच नसते, हा एकत्र कुटुंबातील जुना अनुभव आहे.

पहिल्या महिन्यातील चुका

आरंभीचा उत्साह मात्र अंगलट आला. सगळ्यांनी सगळेच लिहिले. यादी पावणेदोनशेवर गेली, मोबाईल दिवसभर वाजू लागले आणि थोरल्यांनी आवाजच बंद करून टाकला. त्यातच प्रत्येक कामाला ‘आज’ ची तारीख दिल्याने रोज सकाळी टळलेल्या तारखांची लांबलचक रांग दिसे. सवयीने तिच्याकडे कोणी पाहीनासे झाले आणि त्या गर्दीत जीएसटीचे एक विवरणपत्र राहून विलंबशुल्क भरावे लागले. साधन आणूनही तोटा झाल्यावर ते गुंडाळून ठेवावे, असे घरात बोलले जाऊ लागले.

सूनबाईंनी तेव्हा एकच दुरुस्ती केली. जिथे कायदा, बँक किंवा बाहेरची व्यक्ती आपल्याला तारखेने बांधते, तिथेच तारीख लिहायची. बाकी सर्व ‘सवडीने’ मध्ये, आणि ती यादी रविवारी सकाळी पाहायची. या ॲपमध्ये ‘माझा दिवस’ असा एक भाग आहे, जो रोज मध्यरात्री रिकामा होतो. त्यात प्रत्येकाने सकाळी पाचाहून अधिक कामे घ्यायची नाहीत, असेही ठरले. संध्याकाळी रोकड मिळवून झाली की सूनबाई उरलेल्या नोंदी वाचतात. प्रत्येक नोंदीला तीनच उत्तरे: झाले, पुढे ढकलले, किंवा सोडून दिले. यास दहा मिनिटे लागतात. ॲपपेक्षा या दहा मिनिटांनीच ती पेढी सावरली. रोजकीर्द कितीही सुबक असली तरी मेळ न घेणाऱ्याला तिचा काय उपयोग?

सावधगिरी

अशा साधनांत संकेतशब्द, पिन किंवा खात्याचे तपशील लिहू नयेत. यादी सामायिक असल्याने नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी काढावा. शासन कधीकधी मुदत वाढवते, नियमही बदलतात. म्हणून करसल्लागाराचा शब्द ॲपच्या नोंदीहून वरचा मानावा.

आणखी एक गोष्ट. बर्लिनमधील एका कंपनीचे ‘वंडरलिस्ट’ हे याच प्रकारचे ॲप जगभर लोकप्रिय होते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली आणि ६ मे २०२० रोजी ते ॲप बंद झाले. माळ्यावरील आजोबांच्या वह्या आजही वाचता येतात. ॲपमधील नोंदींची तशी हमी नाही. या पेढीत दर महिन्याच्या १ तारखेला सर्व याद्या कागदावर छापून फाईलला लावल्या जातात.

अण्णांची वाचा आता बरीच परतली आहे. सकाळी दोन तास ते गादीवर बसतात आणि संध्याकाळच्या मेळाला आवर्जून हजर राहतात. मागील महिन्यात वाचन संपल्यावर सूनबाईंनी नेहमीप्रमाणे विचारले, “अण्णा, आणखी काही राहिलं आहे का?”

अण्णा बराच वेळ शब्द जुळवत होते. पेढीवर तीस वर्षे पोती वाहिलेल्या एका म्हाताऱ्या हमालाला, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला मी तुला घेऊन जाईन, असे त्यांनी आजारपणापूर्वीच्या होळीला सांगितले होते. तो पुन्हा विचारायला आला नव्हता. कोणत्याही कायद्याने त्या शब्दाला मुदत नव्हती आणि कोणत्याही वहीत तो नव्हता.

सूनबाईंनी नोंद केली. नाव थोरल्यांचे आणि, नियमाला अपवाद करून, तारीख शुक्रवारची. शुक्रवारी संध्याकाळी मेळ घेताना थोरल्यांनी त्या नोंदीपुढे ‘झाले’ म्हटले.