प्यूजो ३०९ : अखेरची सुधारणा व कल्याणमधील उत्तरार्ध

मोटार-उद्योगात एखाद्या मॉडेलची अखेरची सुधारणा म्हणजे नवे मॉडेल येईपर्यंत विक्री टिकविण्याची तजवीज, असे सामान्यतः मानले जाते. फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या ३०९ या हॅचबॅक मोटारीत १९८९ मध्ये झालेली सुधारणा मात्र एवढ्यापुरती मर्यादित नव्हती.

त्यासाठी या मोटारीचे मूळ पाहावे लागते. प्यूजोने १९७८ मध्ये क्रायस्लरचा युरोपातील व्यवसाय विकत घेऊन त्यास टॅल्बो हे जुने नाव दिले. ३०९ ची आखणी टॅल्बोची मोटार म्हणूनच झाली होती. १९८५ मध्ये ती बाजारात आली ती प्यूजोच्या नावाने. दरवाजे प्यूजो २०५ चे, तर लहान इंजिने सिम्काच्या जुन्या घराण्यातील. क्रमांकही क्रम मोडणारा. कारण १९९३ मध्ये तिची जागा घेणारी मोटार ३०६ होती!

१९८९ च्या सुधारणेत दर्शनी जाळी व मागील दिवे बदलले, हा भाग किरकोळच. मागील दाराची कड खाली आणल्याने सामान उंच उचलून आत टाकण्याचा त्रास वाचला, हे अधिक उपयोगाचे. सुट्या भागांनी जोडलेला, करकरणारा डॅशबोर्ड जाऊन एकसंध डॅशबोर्ड आला. गिअरबॉक्सही बदलला. पुढे टप्प्याटप्प्याने सिम्काच्या इंजिनांची जागा प्यूजोच्या ‘टीयू’ मालिकेतील इंजिनांनी घेतली. दत्तक आलेली मोटार खऱ्या अर्थाने घरची झाली ती या टप्प्यावर, निवृत्तीस अवघी चार वर्षे उरली असताना.

या विलंबाचा लाभ महाराष्ट्रास झाला. उदारीकरणानंतर प्रीमियर ऑटोमोबाइल्स व प्यूजो यांच्या भागीदारीतून १९९० च्या दशकाच्या मध्यास कल्याण येथे ३०९ ची निर्मिती सुरू झाली. फ्रान्समध्ये निवृत्त झालेली मोटार येथे नवी म्हणून विकली गेली, ही टीका रास्त आहे. तथापि पद्मिनीची सवय असलेल्या ग्राहकास १.४ लिटरचे पेट्रोल वा १.५ लिटरचे डिझेल ‘टीयू’ इंजिन मिळाले, हेही नोंदविले पाहिजे. कामगार-संघर्ष व भागीदारांतील मतभेद यांमुळे प्यूजोने त्याच दशकाच्या उत्तरार्धात भारतातून अंग काढून घेतले आणि मोटारधारकांपुढे सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. डिझेल इंजिन मात्र येथेच राहिले. मारुतीच्या झेन व एस्टीम या मोटारींच्या डिझेल आवृत्त्या त्याच इंजिनावर धावल्या.