दोन वाटा आणि एक इलेक्ट्रॉन

पुंजयामिकीच्या उंबरठ्याशी आलेल्या नवख्या माणसाची तक्रार ठरलेली असते: गणित कळत नाही. ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते. गणितापाशी माणूस अडतो हे खरे. पण तो दचकतो तो दुसऱ्याच गोष्टीपाशी, आणि ती सांगावयास बेरीज, वजाबाकी व वर्ग एवढे गणित पुरते. आज तेवढी एकच गोष्ट सांगावी असा विचार आहे.

तळ्याच्या निवांत पाण्यात थोड्या अंतरावर दोन खडे एकदम टाकले, तर दोन्हीकडून वलये पसरत येतात व एकमेकांत मिसळतात. उंचवट्यावर उंचवटा आला की पाणी अधिक उसळते. उंचवट्याशी खळगा भेटला की तेथले पाणी जवळजवळ स्तब्ध राहते. थॉमस यंग या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाशाचे असेच वागणे दाखवून दिले. उजेडात उजेड मिळवला असता काही जागी चक्क अंधार पडतो, आणि हे तरंगाचे लक्षण होय.

दाण्यांचे तसे नाही. भिंतीला दोन खिडक्या आहेत आणि आपण ज्वारी फेकतो आहोत असे समजा. एक खिडकी उघडी असताना पलीकडच्या एखाद्या फरशीवर दहा दाणे पडत असतील, तर दुसरी उघडल्यावर तेथे दहाचे बारा होतील, पंधरा होतील. दहाचे शून्य होणार नाही. अधिक वाट दिली म्हणून दाणे येईनासे झाले, असे कोणी सांगितल्यास आपण त्याच्याकडे संशयाने पाहू.

मग इलेक्ट्रॉन हा दाणा की तरंग? जे. जे. टॉमसन यांनी १८९७ साली तो कण म्हणून ओळखला. १९२७ साली त्यांचेच चिरंजीव जी. पी. टॉमसन यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत डेव्हिसन व जर्मर यांनी, तो तरंगासारखा वागतो हे दाखवले. वडिलांना १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, मुलाला १९३७ साली. दोघांचेही निष्कर्ष आजवर टिकून आहेत.

येथे नवखा माणूस एक समजूत करून घेतो, आणि ती मुळीच मूर्खपणाची नाही. पाण्याचे कण घोळक्याने हलतात म्हणून लाट होते. तसेच पुष्कळ इलेक्ट्रॉन एकमेकांस ढकलत असतील व त्यातून लाट होत असेल. या समजुतीला १९८९ साली जपानात हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरेख उत्तर दिले. त्यांनी इलेक्ट्रॉनांच्या मार्गात एक अतिशय बारीक विद्युतभारित तार ठेवली. तिच्या डावीकडची एक वाट, उजवीकडची दुसरी. इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की वाटेत सहसा एकाहून अधिक नसेच. मागचा निघण्यापूर्वी पुढचा पोचलेला असे. पडद्यावर एकेक ठिपका उमटू लागला. प्रत्येक ठिपका पुरा; अर्धा कधीच नाही. पहिले काही ठिपके अंगणात पडणाऱ्या पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे, कोठेही. पण ते हजारोंनी साचले तेव्हा पडद्यावर पट्टे दिसू लागले: एक दाट, एक रिकामा, पुन्हा दाट. ढकलाढकलीला शेजारी कोणी नव्हता, तरी पट्टे झालेच.

अमेरिकेतील नेब्रास्का येथे खऱ्याखुऱ्या दोन फटी घेऊन, त्या झाकून-उघडून, केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकच फट उघडी ठेवली तर दोन फटींचे पट्टे दिसत नाहीत, आणि एरवी रिकाम्या राहणाऱ्या जागीही इलेक्ट्रॉन येतात. दुसरी उघडली की तेथे ते येईनासे होतात. दहाचे शून्य होते ते असे.

याचा हिशोब कसा मांडावयाचा, त्याची किल्ली मॅक्स बोर्न यांनी १९२६ साली दिली. प्रत्येक वाटेला एक आकडा असतो व तो धन किंवा ऋण असू शकतो. (खरे आकडे याहून थोडे गुंतागुंतीचे असतात, पण आपले काम एवढ्याने भागते.) आधी आकड्यांची बेरीज करावयाची, मग वर्ग, तो वर्ग म्हणजे इलेक्ट्रॉन तेथे सापडण्याची संभाव्यता. एकच वाट असता एकाचा वर्ग एक. दोन्ही वाटा असता एके जागी एक अधिक एक, म्हणजे दोन, त्याचा वर्ग चार. दुसऱ्या जागी एक उणे एक, म्हणजे शून्य. आपण व्यवहारात संभाव्यतांची बेरीज करतो. निसर्ग बेरीज करतो ती संभाव्यतेच्याही आधीच्या कशाची तरी.

“पण तो गेला कोणत्या वाटेने?” हा प्रश्न राहतोच. ते टिपण्याची सोय केली की उत्तर मिळते, आणि पट्टे जातात. यावर आपल्याकडे घाईने टाळ्या पडतात: पाहा, मनाचा जडावर प्रभाव सिद्ध झाला! श्रोडिंजर यांना उपनिषदांची ओढ होती हे खरे. पण त्यांचे समीकरण वापरताना द्रष्ट्याच्या मनाला कोठेही जागा ठेवावी लागत नाही. २००४ साली व्हिएन्नात कार्बनच्या सत्तर अणूंचे रेणू लेसरने तापवून अशाच अनेक वाटांच्या यंत्रातून सोडले. थंड रेणूंचे पट्टे स्वच्छ उमटत. जसजसे ते तापत गेले तसतसे स्वतःच उष्णतेचा प्रकाश फेकू लागले, आणि त्या प्रकाशाबरोबर आपण कोणत्या वाटेने चाललो याची खबर बाहेर सांडू लागली. ती खबर कोणी वाचत नव्हते. तरीही पट्टे हळूहळू फिकट होत पुसले गेले.